बुंध्याची नोंद

आमची धाकटी काय काम करते असं कोणी विचारलं की मी सांगते, "झाडं तपासते." की लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे माळीण का?" अहो, माळीण नव्हे! माळी बागेतल्या रोपांना पाणी घालतो. ही रस्त्यावरची, शाळांची, दवाखान्यांच्या आवारातली मोठाली झाडं बघते. कुठलं उभं राहील, कुठलं कोसळेल, कुठल्याची कोणती फांदी छाटायची, कुठलं तोडायचं, ते ठरवते. एवढं सांगितलं की लोक "असं होय" म्हणतात आणि ब्लाउज कधी मिळेल ते विचारतात. सव्वीस वर्षं हेच चाललंय. माझा धंदा शिवणकामाचा. तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही, हे एक सुख आहे.

खाली माझं दुकान, वर आम्ही दोघी राहतो. माझे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. धाकटीने लग्न केलं नाही. आई होती तोवर दर महिन्याला तो विषय निघायचा आणि ही दर महिन्याला पायात बूट चढवून बाहेर पडायची. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी, त्यामुळे तिला बोलायचा हक्क माझा आहे आणि तो मी पुरेपूर वापरते. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे. असू दे.

एकविसाव्या वर्षी तिने उद्यान खात्याची जाहिरात पाहिली. झाडावर चढणारी माणसं हवीत, वजन साठ किलोच्या आत. रांगेत सगळे पुरुष. तिथे पोरांना शिकवणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. त्याने हिला बघून सांगितलं, "पोरी, टायपिंगच्या परीक्षेची रांग पलीकडे." ही म्हणाली, "मला चढायचंय." त्याने तिच्या हातात दोर दिला आणि एक गाठ मारून दाखवली, एकदाच. हिने मारली ती चुकली. "उद्या ये," म्हणाला. घरी येऊन ही माझ्या शिलाई मशीनच्या पायाला संध्याकाळभर गाठी मारत बसली. मला एक फ्रॉक पुरा करायचा होता, पण पायडल हलवायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि नोकरी घेऊन आली. आईने कपाळावर हात मारला. "झाडावर चढते म्हणून लहानपणी हिला मी फटके दिले, आणि आता त्याचाच पगार घेणार ही!"

पहिलं वर्षभर वस्तादने तिला जमिनीवरून हलू दिलं नाही. वरून पडलेल्या फांद्या ओढायच्या, दोर गुंडाळायचे आणि वरच्या माणसावरून नजर काढायची नाही. दुसऱ्या वर्षी चढायला मिळालं. तेव्हा फांदी कशी कापायची ते त्याने शिकवलं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळं असतं. कापायचं ते त्याच्या जरा बाहेरून. वळ्यातच करवत घातली तर झाडाची जखम भरत नाही, आणि लांब खुंटी ठेवली तर ती कुजते आणि कूज आत शिरते. हे मला तोंडपाठ आहे, कारण जेवताना ती वांग्याच्या देठावर सुरीने दाखवायची.

वस्तादचा आणखी एक नेम होता. ज्याने झाड तोडायला सांगितलं, त्याने ते पाडल्यावर स्वतः जाऊन बुंधा बघायचा. कापलेल्या भागात किती भरीव होतं, किती कुजलेलं, पोकळी केवढी, ते वहीत गोल काढून उतरवायचं. तिलाच ते बुंध्याची नोंद म्हणतात. "मारायला सांगितलंस ना, मग तोंड बघायला जा," असं म्हणायचा. आता खात्यात बाकीचे निरीक्षक मुकादमाकडून फोटो मागवून घेतात. धाकटी मात्र तापात असली तरी जाते.

पंधरा वर्षं ती चढली. खात्यातले लोक तिला खारूताई म्हणायला लागले आणि तिला ते आवडायचं, मला म्हणू द्यायची नाही एवढंच. वर यंत्राची करवत चालायची, कानापासून हातभर अंतरावर. कानांवर घालायचे संरक्षक खात्याने दिलेले होते. पण ते घातले की खालून कोणी ओरडलं तर कळत नाही, म्हणून सगळेच ते गळ्यात अडकवून ठेवायचे. हीसुद्धा. मी कधी विचारलं तर म्हणायची, "ताई, तुझ्या बोलण्याची सवय आहे, करवतीचं काय घेऊन बसलीस?"

सदतिसाव्या वर्षी गुडघ्याने दगा दिला. चढणं बंद झालं आणि तिला निरीक्षक केलं. तीन वॉर्डांतली झाडं, प्रत्येकावर नंबराची पत्र्याची पट्टी, एक जाडजूड वही आणि एक लाकडी हातोडी. हातोडीने खोडाभोवती ठोकत जायचं आणि ऐकायचं. भरीव खोड टणक वाजतं. आत पोकळ असेल तर ढब्ब आवाज येतो. असं ठोकून ती सांगायची, इथून इथपर्यंत कुजलंय, आणि झाड पाडल्यावर बुंध्यात कूज तिथेच निघायची. साहेब, म्हणजे उद्यान अधिकारी, नव्या लोकांना सांगायचे, "बाईंचा कान म्हणजे कान आहे." मला तिचा फार अभिमान वाटायचा. तिच्या तोंडावर मी तसं कधी बोलले नाही, ती गोष्ट वेगळी.

दोन-अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही चहा पीत होतो. ती म्हणाली, "ताई, हल्ली पाखरं किती कमी झालीत, नाही?" तिची पाठ खिडकीकडे होती आणि खिडकीच्या गजावर तीन चिमण्या बसून कचाकचा भांडत होत्या. मी तिच्याकडे बघितलं, चिमण्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "हो गं, कमी झालीत." का म्हणाले देव जाणे. तोंडातून गेलं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. दाराची घंटी तिला ऐकू येईना. डाव्या बाजूने हाक मारली तर ओ नाही. आधी मी चिडले, "कानात बोळे घातलेस का?" म्हणून ओरडले. ती हसण्यावारी न्यायची. शेवटी एका रविवारी मी सरळ विचारलं, "धाकटे, तुला ऐकू कमी येतंय ना?" ती हातातला पेपर खाली न ठेवता म्हणाली, "माणसांचं कमी येतं. झाडांचं येतं." मला हायसं वाटलं. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

तिला काय भीती होती ते मला ठाऊक होतं. निरीक्षकाचा कान गेला की हातोडी गेली. गुडघ्यामुळे वर चढता येत नाही, कानामुळे खालून तपासता येत नाही, मग खातं ठेवणार कुठे? आतल्या खोलीत फायली लावायला. सव्वीस वर्षं उघड्यावर काढलेली बाई ट्यूबलाइटखाली बसवली तर वर्षभरात वाळून जाईल. म्हणून मी तिला सांभाळून घ्यायला लागले. कार्यालयाचे फोन मी उचलायचे आणि तिला समोरून सांगायचे. खात्याची दरवर्षी तब्येतीची तपासणी असते, तिथेही मी गेले. गुडघा दुखतो म्हणून सोबत आलेय असं सांगितलं, कोणी हटकलं नाही. कानाच्या परीक्षेला नर्स पाठीमागे उभी राहून हळू आवाजात आकडे म्हणते, आपण ते परत म्हणायचे. मी समोर बाकावर बसले होते. नर्सने "चार" म्हटलं की मी मांडीवर चार बोटं पसरायची. सलग दोन वर्षं धाकटी शंभर टक्के पास झाली. पहिल्या वर्षी घरी येऊन आम्ही पोट धरधरून हसलो. दुसऱ्या वर्षी फारसं हसू आलं नाही.

आता शिरिषाच्या झाडाचं सांगते.

वाचनालयाच्या आवारात एक शिरीष होता, माझ्या जन्माच्याही आधीचा. त्याची एक बाजू उघडी पडली होती आणि मुळाशी फरशी उचलली गेली होती. ग्रंथपाल बाईंनी अर्ज केला, धाकटी तपासायला गेली. खात्याचा नियम असा की शंका असेल तर यंत्र मागवायचं. ते यंत्र लांब बारीक सुई खोडात घालतं आणि आतलं लाकूड कुठे घट्ट, कुठे मऊ ते कागदावर काढून दाखवतं. अख्ख्या शहराला एकच यंत्र, अर्ज केला की दोन महिन्यांनी पाळी येते. धाकटीने अर्ज केला नाही. शंकेच्या रकान्यात "नाही" लिहिलं. पुढे लिहिलं, "धोकादायक. तोडावे." आणि सही केली.

झाड पाडलं त्या दिवशी मी वाचनालयातच होते, त्यांचे नवे पडदे टांगायला. खिडकीतून सगळं दिसत होतं. दुपारपर्यंत शेंडा, मग फांद्या, मग खोडाचे तुकडे खाली आले, आणि आवारात एवढा उजेड झाला की पडद्यांचा रंग मला वेगळाच दिसायला लागला. चारच्या सुमाराला धाकटी वही घेऊन आली. मी खाली गेले.

माझ्या कापायच्या टेबलाएवढा बुंधा होता. मधे तपकिरी, कडेला पिवळसर, ओला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरीव. भोक सोडा, काळा डागसुद्धा नाही. मला झाडातलं काही कळत नाही, पण चांगलं कापड आणि विटकं कापड कळतं, आणि हे चांगलं होतं. धाकटी उकिडवी बसली. दुखऱ्या गुडघ्यावर ती कधी बसत नाही. तिने बुंध्यावरून हात फिरवला, मग परत फिरवला. मुकादम जवळ येऊन हळूच म्हणाला, "एखादं चुकतं, बाई. बाहेरून कुणाला दिसतंय?" तेवढ्यात ग्रंथपाल बाई चहा घेऊन आल्या. "फार उपकार झाले हो. वेळेवर सांगितलंत म्हणून. उद्या कोणाच्या डोक्यात पडलं असतं म्हणजे?" धाकटीने चहा घेतला, तो बुंध्यावर ठेवला आणि वही उघडली. वहीत तिने गोल काढला. आत काहीच काढलं नाही.

ती माझ्याबरोबरच घरी आली. वर आल्यावर बूट न काढताच खुर्चीत बसली. "ताई, मला तिथे सगळीकडे एकच आवाज येत होता. वर, खाली, चारी बाजूंनी. ढब्ब, ढब्ब. म्हटलं, एक बाजू उघडी पडलीय आणि आवाजही असा, म्हणजे गेलंच हे."

"झालं ते झालं," मी म्हणाले. "मुकादम म्हणाला ना, एखादं चुकतं."

"एखादं नाही गं. दोन वर्षं मला सगळी झाडं सारखीच वाजतायत. मग मी पानं बघते, साल बघते आणि अंदाजाने लिहिते."

ती मला म्हणाली होती ना, झाडांचं येतं म्हणून! मी रागावले. घाबरले की मी रागावते. "मग आता काय करणार आहेस? दवंडी पिटणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, धाकटे. उद्यापासून प्रत्येक झाडाला यंत्र मागव आणि गप्प बस. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तिने वही माझ्यापुढे सरकवली. "तो शिरीष सोडून दोन वर्षांत मी सहाशे बारा झाडं ठोकली. नऊ तोडायच्या यादीत आहेत, त्यातलं पहिलं सोमवारी पाडणार. ती कदाचित ठणठणीत असतील. आणि सहाशे तीन मी सुरक्षित म्हणून लिहिलीत. त्यातलं एखादं आतून गेलेलं असेल. त्याच्याखाली आज लोक उभे आहेत. कुठलं ते मला सांगता येत नाही."

"असेल कशावरून? शिरिषाच्या बाबतीत चुकली असशील, म्हणून सगळ्यात चुकलीस असं थोडंच आहे?"

"ते उद्या बघू," ती म्हणाली आणि बूट काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला तलावाकाठच्या रस्त्यावर घेऊन गेली. फिरायला येणारे दोन-चार लोक सोडले तर शांत होतं. तिथे दोन मोठी झाडं शेजारी-शेजारी होती. तिने पिशवीतून हातोडी काढली, एकाला तीनदा ठोकलं, दुसऱ्याला तीनदा ठोकलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय फरक वाटला?"

फरक? अहो, शेंबड्या पोरालाही कळला असता. पहिलं टणक वाजलं, पाटा ठोकल्यासारखं. दुसरं रिकाम्या पिंपासारखं. माझ्या डोळ्यांपुढे ती फायलींची खोली आली, ट्यूबलाइट आली. मी म्हणाले, "मला तर बाई दोन्ही सारखेच वाटले."

तिने हातोडी पिशवीत ठेवली. "दुसरं पोकळ आहे, ताई. मागच्या वर्षी यंत्राने सांगितलंय. वरून छाटून हलकं केलं म्हणून उभं ठेवलंय. तुला सारखं ऐकू येणं शक्यच नाही." मग म्हणाली, "तू माझ्यासाठी खोटं बोललीस. म्हणजे फरक खूप आहे."

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिने माझा हात धरला आणि आम्ही तलावाच्या कडेने घरापर्यंत चालत आलो. पूर्ण रस्ता मी तिच्या उजव्या बाजूने चालले, म्हणजे मी काही बोलले तर तिला ऐकू यावं.

त्याच दिवशी तिने कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डावा जवळजवळ गेलाय, उजवा निम्मा आहे. बारीक आणि टणक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. कानाचं यंत्र बसवू, दोन-तीन महिन्यांत येईल, त्याने माणसांचं बोलणं कळेल, पण ठोकून पारख करायचं काम त्यावर करू नका. डॉक्टरांनी विचारलं, "इतक्या वर्षांत कुठल्याच तपासणीत कसं निघालं नाही?" मी माझी बोटं पदराआड घेतली.

संध्याकाळी तिने पत्र लिहिलं. पानभरच, पण तिला तीन तास लागले. शिरिषाचा नंबर, दोन वर्षांच्या नोंदी, नऊ झाडांची तोड थांबवावी, सहाशे तीन पुन्हा तपासावीत, आपल्याला निरीक्षक पदावरून काढावं. मी वाचून म्हणाले, "यात माझं नाव नाही."

"तुझं कशाला?"

"बोटं माझी होती की नाही?"

शुक्रवारी आम्ही दोघी साहेबांपुढे उभ्या राहिलो. साहेब भला माणूस, पण भानगड नको असलेला. पत्र दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे लेखी कशाला दिलंत? तोंडी सांगितलं असतं तर काहीतरी जमवून घेतलं असतं."

"म्हणूनच लेखी दिलं, साहेब," धाकटी म्हणाली.

मग मी माझ्या बोटांचं सांगितलं. साहेब माझ्याकडे असे बघत राहिले की दुसरी वेळ असती तर मी दोन शब्द सुनावले असते.

खात्यात गवगवा झाला. कोणी म्हणालं सचोटीची बाई, कोणी म्हणालं दोन वर्षं काय झोपली होती का. दोन्ही खरं होतं. हातोडी तिने जमा केली. चौकशी लागली, ती अजून चालू आहे. तोवर तिला रोपवाटिकेत पाठवलं, शहराच्या टोकाला. तिथे रस्त्याकडेला लावायची रोपं वाढवतात. बंद खोली नाही मिळाली, एवढं नशीब. पण दुपारी ती डबा तसाच परत आणायला लागली.

सुईचं यंत्र सहा आठवडे आमच्या वॉर्डांना दिलं गेलं. शेजारच्या विभागाचा निरीक्षक आला. पूर्वी याचं आणि धाकटीचं पटत नसे, फांद्या कुठवर छाटायच्या यावरून दोघं मीटिंगमध्ये भांडायचे. त्याने साहेबांना सांगितलं, मला बाई सोबत हव्यात, या झाडांची त्यांना जेवढी माहिती आहे तेवढी वहीलाही नाही. म्हणून आठवड्यातून तीन दिवस ती त्याच्याबरोबर फिरायची. तो ठोकायचा, सुई घालायचा, ती लिहायची. तोडायच्या नऊ झाडांपैकी सहा चांगली निघाली. त्या दिवशी तिने डबा रिकामा आणला. सहाशे तीनपैकी बहुतेक सगळी ठीक होती. सात झाडांच्या फांद्या कमी कराव्या लागल्या.

आणि एक गेलेलं निघालं. मोठ्या दवाखान्यासमोर, बसच्या थांब्यावर. वर नुसतं हिरवंगार, एक पान पिवळं नाही. बुडाशी कोणी कधीतरी सिमेंटचा कट्टा बांधलेला, त्याच्याआड सगळी कूज. यंत्राच्या कागदावर नुसती सपाट रेघ आली, म्हणजे आत घट्ट लाकूड नाहीच. दवाखान्यात जाणारे-येणारे म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, सगळे त्या कट्ट्यावर बसून बसची वाट बघत. वहीत त्या झाडापुढे धाकटीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "सुरक्षित." त्या दुपारी निरीक्षकाने तिला तो कागद दिला आणि स्वतःच दोर बांधून थांबा बंद केला. घरी आल्यावर तिने मला हे सांगितलं तेव्हा मी स्वयंपाक तसाच टाकून बसले. गप्प बस, असं तिला म्हणाले होते मी. हे तोंड माझंच.

ते झाड पाडायला दोन दिवस लागले. बुंध्याची नोंद करायला आता तिने जायची गरज नव्हती, सही दुसऱ्याची होती. तरी ती निघाली. या वेळी मीही दुकान बंद करून तिच्याबरोबर गेले.

बुंधा कसला, नुसती कड उरली होती, चार बोटं जाड. आत काळा भुसा, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी. धाकटी वाकून वहीत काढत होती. दोराच्या पलीकडे बसची वाट बघणारी माणसं उन्हात उभी होती, चिडलेली. त्यांना तिथून बुंधा दिसत नव्हता, दिसत होतं ते ट्रकवर चढणारं हिरवंगार झाड. एक म्हातारी बाई, हातात औषधांची पिशवी, सरळ दोरापाशी आली आणि धाकटीवर तुटून पडली. "लाज वाटत नाही तुम्हाला? चांगलं जितंजागतं झाड पाडलंत! चाळीस वर्षं मी या सावलीत बसतेय. पगार घेता झाडं राखायचा आणि काम करता खाटकाचं! हात झडतील तुमचे, हात!"

माझं डोकं सणकलं. पदर खोचून मी दोराकडे निघाले. या बाईला कळतंय का, ती गेल्या महिन्यात कशाखाली बसली होती? कळतंय का, समोर उभी आहे तिने काय गमावून हे झाड शोधायला लावलं? सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

धाकटीने माझा दंड पकडला. "ताई, बोलू दे त्यांना."

"अगं, पण हे झाड पोकळ होतं!"

"हे होतं," ती म्हणाली. "त्या शिरिषासाठी मला कोणीच बोललं नाही. चहा दिला मला."

मग तिने वही मिटली, दोरापाशी गेली, आणि उजवा कान त्या बाईकडे वळवून उभी राहिली.